माओ असादा यांना एका चाहतीचे आभारपत्र

आदरणीय माओ असादा यांस,

सविनय नमस्कार.

जपानच्या फिगर स्केटर म्हणून, म्हणजे बर्फावर संगीताच्या साथीने उड्या आणि गिरक्या घेणाऱ्या खेळाडू म्हणून, आपल्याविषयी लिहिणारे बहुतेक जण २० फेब्रुवारी २०१४ च्या, सोची ऑलिंपिकमधल्या रात्रीपासून सुरुवात करतात. मीही तिथपर्यंत येणारच आहे. परंतु माझ्यावर आपले जे ऋण आहे ते त्या रात्रीच्या आधीच्या चार वर्षांचे आहे, आणि त्यांतही ज्या काळात आपण वरचेवर हरत होता त्या काळाचे अधिक आहे.

२०१० मध्ये व्हँकुवरच्या ऑलिंपिकमध्ये आपण एकाच स्पर्धेत तीन ट्रिपल अ‍ॅक्सेल घेतल्या. अ‍ॅक्सेल ही पुढे तोंड करून घ्यावयाची एकमेव उडी असल्यामुळे तिच्यात अर्धी गिरकी जास्त घ्यावी लागते, म्हणजे एका सेकंदापेक्षाही कमी वेळात साडेतीन गिरक्या, आणि त्यानंतर एका पायाच्या पात्यावर, पाठमोरे, तोल न जाता उतरायचे. आपण रौप्यपदक जिंकलेत, आणि पुढच्याच महिन्यात दुसऱ्यांदा जगज्जेत्या झालात. इथे कोणीही म्हणाले असते की जे जमते आहे ते जपावे. आपण मात्र नोबुओ सातो यांच्यासारख्या ज्येष्ठ प्रशिक्षकांकडे गेलात आणि स्वतःच्या उड्या मुळापासून नव्याने बांधायला घेतल्यात. त्याची किंमत लगेच दिसली. त्याच वर्षी आपल्या जन्मगावी, नागोयात झालेल्या एनएचके ट्रॉफी या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत आपला आठवा क्रमांक आला, आणि २०११ च्या जागतिक स्पर्धेत सहावा.

हे सारे मी त्या वेळी केवळ एक प्रेक्षक म्हणून पाहिले होते. त्याचा अर्थ मला काही वर्षांनी कळला, जेव्हा माझ्या स्वरतंतूंवर गाठी आल्या आणि लहानपणापासून चालत आलेले माझे गाणे थांबले. उपचारांनंतर मला सांगण्यात आले की माझी श्वास घेण्याची आणि स्वर लावण्याची पद्धतच चुकीची आहे, आणि ती बदलली नाही तर गाठी पुन्हा येतील. ज्या सवयींच्या जोरावर मी मैफलीत दाद मिळवली होती, त्याच सवयी मोडायच्या होत्या. कितीतरी महिने मी केवळ षड्ज लावत होते, तोही धड लागत नव्हता, आणि माझ्यानंतर शिकायला आलेल्या मुली माझ्यासमोर सहज ताना घेत होत्या. त्या दिवसांत मला धीर आला तो आपल्या पदकांमुळे नव्हे, तर नागोयातल्या त्या आठव्या क्रमांकामुळे. आपल्याच गावच्या प्रेक्षकांसमोर, सर्वांना ठाऊक असलेली आपली कला अर्धवट उकललेल्या अवस्थेत घेऊन उभे राहणे म्हणजे काय, हे मला तेव्हा उमगले. मला तर निदान बंद खोलीत बेसूर होण्याची मुभा होती.

डिसेंबर २०११ मध्ये आपल्या आईचे निधन झाले. आपण ग्रां प्री फायनल या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतून माघार घेऊन मायदेशी परतलात, आणि त्याच महिन्यात राष्ट्रीय स्पर्धेत उतरून ती जिंकलीत. याविषयी मी अधिक लिहीत नाही. ते दुःख आपले आहे.

आता सोची. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये, म्हणजे स्पर्धेच्या पहिल्या, छोट्या भागात, आपण अ‍ॅक्सेलवर पडलात, जोडउडीही झाली नाही, आणि ५५.५१ गुणांसह आपण सोळाव्या स्थानावर होता. पदकाची आशा संपलेली होती. दुसऱ्या दिवशी, आघाडीच्या स्पर्धकांच्या बऱ्याच आधी, आपण निळ्या पोशाखात बर्फावर आलात, रॅखमॅनिनॉफ यांचा दुसरा पियानो कंचेर्तो सुरू झाला, आणि पहिलीच उडी होती तीच, आदल्या दिवशी पाडणारी ट्रिपल अ‍ॅक्सेल. ती नीट उतरली. त्यानंतर एकामागून एक सगळ्या उड्या उतरत गेल्या. १४२.७१ हे आपल्या कारकिर्दीतले फ्री स्केटिंगचे, म्हणजे स्पर्धेच्या दुसऱ्या, मोठ्या भागाचे, सर्वोत्तम गुण ठरले, आणि एकूण क्रमांक सहावा आला. शेवटच्या स्वराबरोबर आपण मान वर केलीत आणि आपल्याला रडू कोसळले. त्या अश्रूंविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु मला वाटते की त्यांच्याआधीची चार मिनिटे अधिक लक्षपूर्वक पाहिली पाहिजेत. आदल्या रात्री खचलेल्या मनाने दुसऱ्या दिवशी इतक्या उड्या पेलता येत नाहीत. त्या पेलल्या त्या चार वर्षे नव्याने घोटलेल्या शरीराने. पुढच्याच महिन्यात सायतामा येथे आपण तिसऱ्यांदा जगज्जेत्या झालात, तेव्हा मला आनंद झाला, पण आश्चर्य वाटले नाही.

माझा आवाज पूर्वीसारखा झालेला नाही. वरचा पंचम आता लागत नाही, मात्र मंद्र सप्तकात पूर्वी कधीच नव्हती अशी स्थिरता आली आहे, आणि गेल्या वर्षी मी पुन्हा श्रोत्यांसमोर बसून पाऊण तास गायले. गाण्याआधी, तंबोरे जुळत असताना, माझ्या मनात आपण होता: संगीत सुरू होण्यापूर्वी बर्फाच्या मध्यभागी निश्चल उभ्या असलेल्या. मग मी षड्ज लावला आणि तो लागला. त्या एका स्वरासाठी मी आपले मनःपूर्वक आभार मानते.

आपली नम्र,
एक चाहती