पिस्तूल घेताना आधी हात बघ

राजेंद्रनगर, इंदूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

दहा मीटर एअर पिस्तूल घेण्यासाठी तू केलेली यादी मिळाली. स्टायर इव्हो १०, मोरिनी सीएम १६२ ईआय आणि पार्डिनी के १२. तिन्ही पिस्तुलं उत्तम आहेत. बाकावर घट्ट बांधून मारली तर तिघांचेही छर्रे जवळजवळ एकाच भोकातून जातील, त्यामुळे कुठलं जास्त अचूक हा वाद भोपाळच्या होस्टेलवरच राहू दे. तुझ्या मुठीत कुठलं बसतं, एवढंच बघायचं आहे.

का, ते हिशेबाने सांगतो. नळीवरची पुढची खूण म्हणजे फ्रंट साइट, मागची खाच म्हणजे रिअर साइट; या दोन साइटमधलं अंतर साधारण ३३० मिमी धर. खाचेत फ्रंट साइट फक्त ०.१ मिमी सरकली, तर १० मीटरवर छर्रा ३ मिमी सरकतो. १ मिमी सरकली तर ३० मिमी, म्हणजे टार्गेटवरची जवळजवळ चार गुणांची वर्तुळं (रिंग), कारण एका रिंगची रुंदी ८ मिमी असते. उलट दोन्ही साइट जुळलेल्या असताना अख्खा हात ३ मिमी हलला, तर छर्राही तेवढाच हलतो आणि अर्धी रिंगसुद्धा जात नाही. हात सगळ्यांचाच हलतो. साइट जुळलेल्या राहणं हे ग्रिपचं, म्हणजे पिस्तुलाच्या मुठीचं, काम आहे, म्हणून आपण पैसे मुख्यतः ग्रिपचे आणि ट्रिगरचे मोजतो.

ग्रिप पारखायची ती अशी. खांदा सैल ठेवून पिस्तूल उचल, टार्गेटच्या दिशेने धर आणि डोळे मीट. दोन श्वास घेऊन डोळे उघड. फ्रंट साइट खाचेच्या मधोमध दिसायला हवी. हे आठ-दहा वेळा कर. दर वेळी ती उजवीकडेच दिसत असेल तर ग्रिप तुझ्या हाताला चुकीची वळवते आहे. मनगटाने तू ते सावरशील आणि सुरुवातीच्या सिरीजमध्ये, म्हणजे पहिल्या दहा-दहा शॉटमध्ये, ते खपूनही जाईल. पण मॅच ६० शॉटची आहे. मनगट थकलं की छर्रे त्याच बाजूला जायला लागतात आणि मग तू साइटचे स्क्रू फिरवत बसतेस. साइट वर किंवा खाली दिसत असेल तर ग्रिपचा कोन बदलून बघ, यादीतल्या पिस्तुलांत ती सोय आहे.

तुझी बोटं लांब आणि तळवा अरुंद आहे, त्यामुळे एम साइझ मोठी पडेल, एस घट्ट होईल. एम घेऊन तळव्याच्या पोकळीत लाकडाची पुटी भरणं सोपं जाईल. पुटी थोडी थोडी लावायची, ओली असताना मूठ आवळायची, सुकल्यावर सँडपेपर मारायचा. ज्या बोटाखाली टोचतं तिथलं लाकूड घास, पण एका दिवसात नको, काढलेलं लाकूड परत येत नाही. ट्रिगरचं बोट लाकडाला कुठेही टेकता कामा नये. टेकलं की दाबताना ते पिस्तुलालाच ढकलतं. खालचं पाम शेल्फ, म्हणजे तळहाताची कड टेकते ती फळी, किंचित सैल ठेव. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली हात सुजतो, आणि सकाळी बरोबर बसलेलं शेल्फ दुपारी मुठीला कंप आणतं. नियमही लक्षात असू दे: शेल्फचा ग्रिपशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, लाकूड मनगटाला वेढता कामा नये, आणि सगळं पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत बसलं पाहिजे. पुटीचे थर चढवताना लोक हे ५० मिमी विसरतात आणि तपासणीच्या टेबलावर सँडपेपर मागत फिरतात.

ट्रिगरचं वजन कमीत कमी ५०० ग्रॅम. बरोबर ५०० वर लावू नकोस, ५१० ते ५२० ठेव. मॅचनंतर अचानक तपासणी झाली आणि ट्रिगरला अडकवलेलं ५०० ग्रॅमचं वजन उचललं गेलं नाही, तर तुला बाद करतात. ट्रिगर दोन टप्प्यांत दाबला जातो. पहिल्या टप्प्यात ३५० च्या आसपास, दुसऱ्यात उरलेलं, असं ठेवलं की पहिला टप्पा संपून बोट अडल्याचं नीट कळतं. पहिला टप्पा फार हलका ठेवलास तर दुसरा जड लागतो आणि शॉट ओढला जातो. ट्रिगर पुढेमागे सरकवून बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग त्यावर येऊ दे.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचा मोह मला कळतो. मोरिनीचा स्वच्छ सुटतो आणि ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता नुसता ट्रिगर दाबायचा सराव, करणंही सोपं जातं. ती कंपनी मुळात ग्रिप बनवणारी, त्यामुळे तिची मूठही बहुतेकांना आवडते. पण बॅटरी आणि सर्किट आलं की रेंजवर दुरुस्ती करणारा माणूसही लागतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरचं पिस्तूल बिघडलं, वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पॅरिसला २०२४ मध्ये तिने दोन कांस्यपदकं जिंकली हे खरं, पण तिच्या मागे आख्खी टीम असते. तुझ्यासाठी माझं मत मेकॅनिकल ट्रिगरकडे झुकतं.

वजनाला १५०० ग्रॅमची मर्यादा आहे, पण यादीतली सगळी किलोच्या आसपासची आहेत. नळीखालची जादा वजनं आत्ता लावू नकोस, सव्वा तासाच्या मॅचमध्ये खांदा उतरतो.

जुनं स्वस्तात मिळतंय म्हणालीस. सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायूवर चालणारं असेल तर नकोच. त्याचा दाब तापमानाबरोबर बदलतो, म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबर आणि मे महिन्यात दोन वेगळी पिस्तुलं हातात घेतल्यासारखं होईल. दाबलेल्या हवेवरचं असेल तर आधी हवेच्या सिलिंडरवर छापलेली तारीख वाच. दहा वर्षं उलटली असतील तर किमतीत नव्या सिलिंडरचे पैसे धर. २०० बारपर्यंत भरून रात्रभर ठेव, सकाळी काटा उतरला असेल तर सील गेलं आहे. मग नळीचं तोंड भिंगाखाली बघ, ओरखडा असेल तर सोड. रिअर साइट बोटाने हलवून बघ. विकणारा डावखुरा नाही ना, हेही विचार. हसू नकोस, फोटोत ते कळत नाही.

हवा सावकाश भर. पावसाळ्यात हातपंप वापरलास तर ओलावा शोषणारा फिल्टर लावच. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही, सीलच्या ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो. फुकट मिळाला तरी नाही.

छर्रे चपट्या तोंडाचे, ४.४९ आणि ४.५० मिमी अशा दोन हेडसाइझचे (डोक्याच्या व्यासाचे) दोन-तीन डबे घेऊन, पिस्तूल शिकंज्यात बांधून दहा-दहाचे ग्रुप मार. सगळ्यात लहान ग्रुप ज्याचा, त्याच बॅचचे घ्यायचे. महागातले जिंकतीलच असं नाही.

परवान्याची काळजी नको. ४.५ मिमीचं आणि २० ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल त्यातून सुटतं, आणि हे सहा ज्यूलच्याही आत असतं. पुढे पॉइंट टू टू, म्हणजे काडतुसाचं पिस्तूल, घ्यायचं झालं तर परवाना लागेल. बिल मात्र पेटीतच ठेव, आणि नळीत सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची रंगीत दोरी) नसताना पेटी उघडू नकोस, खोलीतसुद्धा नाही.

आता एक काम कर. उजवा पंजा कोऱ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरव, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या घडीपर्यंत आणि तळव्याची रुंदी मिलिमीटरमध्ये मोज, आणि फोटो पाठव. शनिवारी रेंजवर कोणाचं इव्हो १० मोकळं असेल तर वीस शॉट ड्राय फायर करून डोळे मिटायची परीक्षा घे, तसंच के १२ चं. साइट कुठे दिसली ते लिहून ठेव, रविवारी फोनवर बोलू. आई लसणाची चटणी पाठवते आहे, ती मैत्रिणींना पुरवून वापर.

तुझा
बाबा