लसीच्या दिवशी बाळाचे डोळेपण बघायला लावा, साहेब

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार,

माझ्या भाचीच्या पापणीवर जन्मानंतर थोड्याच दिवसांत मसुरीएवढा लाल ठिपका आला आणि बघता बघता बोराएवढी गाठ, डोळा उघडेचना. घरात कुणी लासं म्हणालं, कुणी ग्रहण काढलं, एका डॉक्टरांनी सांगितलं की आपोआप जाईल.

ते खोटं नव्हतं हीच तर पंचाईत. ही गाठ हेमॅन्जिओमा, म्हणजे रक्तवाहिन्यांची साधी गाठ, कॅन्सर वगैरे नाही, वर्षाच्या पुढे हळूहळू ओसरते. पण पापणी खाली आली किंवा बुबुळावर दाब येऊन चष्म्याचा नंबर लागला की मेंदू त्या डोळ्याचं बघणंच सोडून देतो, मग गाठ गेली तरी नजर अधूच. आणि गाठ डोळ्याच्या खोबणीत आत असेल तर वरून काही कळतच नाही, फक्त एक डोळा पुढे आल्यासारखा वाटतो.

औषध महागही नाही. प्रोप्रॅनोलॉल, बीपीची जुनी गोळी! फ्रान्समध्ये बोर्दोच्या डॉक्टरांनी ती एका बाळाला हृदयासाठी दिली तर नाकावरची अशीच गाठ बसली, 2008 साली त्यांनी हे छापलं, तेव्हापासून जगभर देतात. फक्त डोस वजनावर, दूध पाजून मगच द्यायचा नाहीतर साखर उतरते, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखालीच.

आता वेळ बघा. गाठ सगळ्यात जोरात वाढते ती साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात. आशाताईंची नवजात बाळाची भेट 42 व्या दिवशी संपते, पुढची थेट तिसऱ्या महिन्यात. मुलांच्या सरकारी तपासणीच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, आजारांच्या यादीत जन्मजात मोतीबिंदू आहे, ही गाठ नाही. पण बाळ 6, 10 आणि 14 आठवड्यांना लसीला येतंच की! सिस्टर मांडी धरून सुई टोचतात, आई बाळाचं तोंड पदरात घेते, डोळ्यांकडे कोण बघणार.

म्हणून मागणी एवढीच, लसीच्या कार्डावर एक ओळ छापा: दोन्ही डोळे सारखे उघडतात का, आजूबाजूला लाल-निळसर फुगवटा आहे का. असेल तर त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयाच्या डोळे विभागात चिठ्ठी, आणि तिथे बाळांना मोजून देता येईल असं पातळ औषध ठेवा, गोळी कुटून पाण्यात कालवायला लावू नका.

आपला,
एक मामा, सांगली जिल्हा