कूलंट गळतंय तर आधी गळती शोधा, रेडिएटरमध्ये हळद टाकू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार वि. वि.

माझ्याकडे सॅन स्टॉर्म आहे. आत्ताच्या पोरांना नाव पण माहीत नसेल, पण आपल्या गोव्यात बनलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार आहे ती. फायबरची बॉडी आणि आत रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन, जे तिकडे युरोपात क्लिओ आणि ट्विंगोला यायचं. माझी २००१ ची. फायबर असल्यामुळे आपल्या खाऱ्या हवेत बॉडी गंजली नाही, पण रबर आणि सील वय झालं की जाणारच, ते कुठल्याही गाडीचं असो.

झालं असं की कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणारं द्रव) बाटलीतली लेव्हल आठवड्याला बोटभर खाली जायला लागली. गाडीखाली ओलं दिसायचं पण ते एसीचं पाणी, हात लावला की साधं पाणी लागतं, कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं आणि रंग असतो (जिभेला लावून कधीच बघू नका, का ते पुढे सांगतो). पहिल्या गॅरेजवाल्याने क्लिपा आवळल्या आणि म्हणाला चिमूटभर हळद टाका नाहीतर बाजारात सील करायची पावडर मिळते ती टाका, आपोआप बंद होईल. ही हळदीची गोष्ट मी लहानपणापासून ऐकतोय, आणि बारीक भोक थोडे दिवस बुजतं पण, पण तीच हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पण जाऊन बसते ना, मग गळती थांबली तरी गाडी गरम व्हायला लागते आणि दुखणं अजून आत जातं. मी नाही टाकली.

दुसऱ्या मेकॅनिककडे प्रेशर पंप होता. गाडी पूर्ण थंड असताना झाकणाच्या जागी तो पंप लावायचा, हाताने साधारण एक बारचं प्रेशर द्यायचं आणि काटा बघत बसायचं. थंडच का, तर गरम इंजिनवर पडलेला थेंब जमिनीवर पोचायच्या आधीच वाळतो, म्हणून तर मला इतके दिवस खाली कूलंट दिसलं नव्हतं. दहा मिनिटांत काटा खाली आला. मग आम्ही दोघं पुठ्ठा टाकून खाली आडवे झालो, गाडी इतकी बुटकी की मान पण वळत नाही, आणि बॅटरी मारत गेलो तर टायमिंग कव्हरच्या (इंजिनाच्या टायमिंग बेल्टवरचं झाकण) खालच्या कडेला पांढरट पापुद्रा, चुना वाळल्यासारखा, आणि त्याच्या टोकाला एक थेंब. कव्हर काढलं तर कूलंट इंजिनात फिरवणारा वॉटर पंप गळत होता. पंपाला खाली एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून थेंब येतो, म्हणजे पंप स्वतःच सांगत असतो की मला बदला.

आता पंप आणायचा कुठून! शेवटी मित्राचा भाऊ फ्रान्सहून येणार होता, त्याने क्लिओचा पंप, टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा) आणि तो ताणून धरणारा टेन्शनर असा अख्खा सेट बॅगेतून आणला. पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, त्यामुळे उघडलंच आहे तर बेल्ट पण बदलायचा, जुना बेल्ट परत चढवणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा.

आणि आता ज्यासाठी हे पत्र लिहितोय ते. काम माझ्याच अंगणात चाललं होतं. जुना कूलंट पसरट ट्रेमध्ये काढून ठेवला आणि आम्ही पाच मिनिटं चहाला आत गेलो. बाहेर येऊन बघतो तर शेजाऱ्यांचा कुत्रा काळू ट्रेमध्ये तोंड घालून चाटतोय. कूलंटमध्ये इथिलिन ग्लायकॉल असतं, ते गोड लागतं आणि ते विष आहे, मांजराला तर चमचाभर पण पुरतं. तसंच उचललं आणि डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले की आधी जनावर दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, मग जरा बरं वाटल्यासारखं दिसतं, मालक निर्धास्त होतो आणि नंतर किडन्या जातात, तेव्हा आणलेलं बहुतेक वाचत नाही. आम्ही लगेच नेलं म्हणून काळू वाचला, तरी दोन दिवस सलाईनवर होता. त्या दोन रात्री मला झोप लागली नाही. चूक माझीच होती, ट्रेवर फक्त एक फळी टाकायची होती.

गोव्यात किती गॅरेजांत जुना कूलंट उघड्या बादलीत पडलेला असतो नाहीतर सरळ गटारात जातो, आणि आजूबाजूला कुत्री-मांजरं फिरतच असतात. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, जमिनीवर सांडलं तर भरपूर पाण्याने धुवा, इतकंच मागणं आहे, खर्च शून्य. आणि गळती तशीच ठेवून नुसती लेव्हल भरत राहणारे पण रोज पार्किंगमध्ये तेच गोड विष ठिबकवत असतात हे लक्षात घ्या.

गाडी आता ठीक आहे. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मंनिम्मं भरलं, बोअरचं पाणी नाही कारण त्याने आत क्षार धरतात, आणि फॅन दोनदा लागेपर्यंत इंजिन चालू ठेवून सगळी एअर काढली. महिना झाला, लेव्हल खुणेवरून हललेली नाही. अजून कोणाकडे स्टॉर्म चालू असेल तर त्यांनी याच सदरात जरूर लिहावं, कुठला पार्ट कुठे मिळाला ते एकमेकांना कळेल, आणि जुना पंप मी जपून ठेवलाय, कोणाला माप घ्यायला लागला तर देईन.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा