घर माझ्या नावावरच राहू दे

सातारा

चि. बाळास,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, घर आत्ताच माझ्या नावावर करून टाक, नंतर कटकट नको." मी "बघू" म्हणून विषय बदलला. तुला टाळायचं नव्हतं, पण हे फोनवर नीट सांगता आलं नसतं. सूनबाईलाही हे पत्र वाचायला दे.

आजींच्या शेवटच्या चार वर्षांत तू सुट्टीपुरता येऊन जायचास. खर्च कसा चालला होता ते तुला आम्ही कधी कळू दिलं नाही. विसरायला लागल्यावर आजींची पहिल्यांदा गेली ती सही. बँकेच्या फॉर्मवर पेन टेकवून त्या माझ्याकडे बघायच्या, "काय लिहू गं?" म्हणायच्या. नावातलं पहिलं अक्षर काढायच्या आणि तेच गिरवत बसायच्या, कागद फाटेपर्यंत. त्यांच्या नावावर 6 लाखांची ठेव होती, आजोबांच्या फंडातली. खातं मात्र एकट्या त्यांचं. बँकेने सांगितलं, खातेदाराला काही समजत नसेल तर अंगठाही चालायचा नाही, कोर्टातून पालक नेमून आणा. मुखत्यारपत्राची, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला लिहून देण्याची, वेळ निघून गेली होती. आधी केलेलं असतं तरी माणसाची समज गेली की आपल्याकडे ते टिकत नाही, हे वकिलांकडे गेल्यावर कळलं. शेवटी बाबांनी पतसंस्थेतून कर्ज काढून आजींना सांभाळणाऱ्या कामाच्या मावशींचा पगार भागवला. आजींच्या पाठीला जखमा झाल्या तेव्हा हवेची गादी घ्यायला आम्ही महिनाभर थांबलो. आजी गेल्या आणि ठेव जशीच्या तशी राहिली. स्वतःच्या पैशातून त्यांना एक गादी मिळाली नाही, हे मला अजून लागतं.

म्हणून माझं ठरलंय. माझ्या म्हातारपणाचा खर्च माझ्याच पैशातून व्हायचा, आणि तो पैसा वेळेला हाताशी असायला हवा. तुझी ताई इथेच राहते, म्हणून माझं बचत खातं तिच्यासोबत जोडखातं केलंय, दोघींपैकी कुणाच्याही सहीने चालणारं. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 15 लाख ठेवलेत. सध्या 8.2 टक्के व्याज आहे, दर तीन महिन्यांनी 30,750 रुपये येतात. बाबांची फॅमिली पेन्शन 18,000 धरली तर महिन्याला साधारण 28,000 होतात. ब्युरोच्या मावशी आज दिवसाचे बारा तासांचे 700 घेतात, म्हणजे महिन्याचे 21,000. तेवढं निभेल. रात्रीचीही मावशी लागली की दुप्पट, वर औषधं आणि डायपर. तिथे माझी मिळकत अपुरी पडते. मेडिक्लेम यातलं काही देत नाही. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड चांगलंच आहे, वर्षाला 5 लाखांपर्यंत, पण तेही दवाखान्यात दाखल झाल्यावर. घरी पडून असलेल्या माणसाला भरवण्या-पुसण्याचा खर्च कुणीच उचलत नाही. मग उरतं काय? हे घर. गरज पडली तर वरचा मजला भाड्याने देईन, नाहीतर घर तारण ठेवून बँकेकडून दरमहा रक्कम घेण्याची योजना आहे, ती घेईन. तीही पुरली नाही तर विका. पण हे सगळं घर माझं असेल तरच.

बक्षीसपत्र स्वस्तात होतं, मला माहीत आहे. राहतं घर मुलाला देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. पण एकदा दिलं की दिलं. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात, कलम 23 प्रमाणे, सांभाळ झाला नाही तर असं दान रद्द करून मागता येतं. मात्र देताना सांभाळायची अट होती हे दाखवावं लागतं. अट तुझ्यासमोर लिहून घ्यायची मला इच्छा नाही, आणि पुढे कधी तुझ्याविरुद्ध प्रांतांच्या कचेरीत उभं राहायची तर त्याहून नाही. तुझ्यावर माझा विश्वास आहेच. तुझी नोकरी, तुझं कर्ज, तुझं आजारपण यांची हमी तू तरी देऊ शकतोस का?

घर तुला आणि ताईला निम्मं निम्मं, असं मृत्युपत्र केलंय. दागिने ताईला, कारण आजींचं सगळं तिने माझ्या बरोबरीने केलं. दोन साक्षीदार आहेत, दोघेही माझ्याहून लहान, आणि त्यांना माझ्याकडून काही मिळायचं नाही. डॉक्टरांचा दाखला जोडून दुय्यम निबंधकांकडे नोंदवलंही. नोंदणी सक्तीची नाही, पण दादरचे काका आठव. वहीच्या पानावर लिहिलेलं मृत्युपत्र, एक साक्षीदार आधीच गेलेला, दुसऱ्याचा पत्ता नाही. तेव्हा मुंबईतल्या घराला हायकोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा दाखला, लागायचं. 75,000 नुसती कोर्ट फी गेली, आणि काकूंना अडीच वर्षं फ्लॅट विकता आला नाही.

ठेवींवर नॉमिनी तू आहेस, पण म्हणून ते पैसे तुझे होत नाहीत. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे आणि वारसांना द्यायचे. विम्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने हे 1984 मध्येच सांगितलं होतं (विम्याचा कायदा मात्र 2015 मध्ये बदलला), शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल डिसेंबर 2023 मध्ये.

गावच्या जमिनीचं एकच सांगते. सातबाऱ्यावर ताईचं नाव लागलंय ते तसंच राहू दे. आपल्या महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जितात बरोबरीचा हक्क 1994 मध्ये दिला, देशाने 2005 मध्ये. तरी भाऊबीजेच्या ओवाळणीबरोबर हक्कसोड पत्र पुढे करणारे भाऊ मी माहेरी पाहिलेत. मीही सही केली होती, माहेर तुटू नये म्हणून. ताईवर ती वेळ आणू नकोस.

आणखी एक कागद आहे. मला काही कळेनासं झालं आणि बरं होण्याची आशा उरली नाही, तर नळ्या लावून ठेवू नका, असं लिहून दोन साक्षीदारांपुढे नोटरी करून ठेवलंय. 2023 पासून ते सोपं झालंय. तो कागद ताईकडे आहे. वाचताना तुला त्रास होईल, पण वाच.

संक्रांतीला येशील तेव्हा आधार कार्ड आणि दोन फोटो आण. जोडखात्यात तुझंही नाव घालायचंय, मॅनेजरशी बोलून ठेवलंय. कपाटाची किल्ली देव्हाऱ्यामागच्या खिळ्याला आहे, मृत्युपत्राची प्रत मधल्या खणात, बाबांच्या पेन्शनच्या फायलीत. गूळपोळ्यांचं सारण करून ठेवते.

तुझी,
आई