विदूच्या घराबद्दल, घाईघाईत

प्रिय निमे,

पाच महिने पत्र नाही, रागावली असशील तर तुझं बरोबरच आहे. आईचा गुडघा ठीक, माझं बीपी गोळीवर. तुझी नाशिकची बदली झाली का?

आता मुद्द्याचं. विदू डोंबिवलीचं घर गहाण टाकतेय. बिल्डिंगच्या दुरुस्तीची वर्गणी कधीही निघेल, काकूंचं, म्हणजे तिच्या आईचं, दुखणं कधीही उलटेल, म्हणून 15 लाख आत्ताच काढून खात्यात ठेवायचे, असा बेत आहे. माझं ती ऐकणार नाही. नागावच्या ट्रिपचे साडेतीनशे रुपयेसुद्धा तिने अजून कबूल केलेले नाहीत! तुझं ऐकेल.

तिला आधी आकडा दाखव. 15 लाख, 10 टक्के, 10 वर्षं : हप्ता 19,823 रुपये. पहिल्या हप्त्यातले 12,500 नुसतं व्याज. बचत खात्यात त्याच पैशावर तीन टक्के मिळाले तरी पुष्कळ. खर्च आलेलाच नाही आणि हप्ता मात्र चालू.

घ्यायचंच तर तारणावर ओव्हरड्राफ्ट घे म्हणावं. मर्यादा मंजूर करून ठेवायची, जेवढे उचलले तेवढ्यावर, तेवढ्याच दिवसांचं व्याज. साडेदहा टक्क्यांनी 2 लाख 90 दिवस वापरले तर 5,178 रुपये. पण मंजुरीपत्रात ‘ड्रॉपलाइन’ शब्द आहे का, ते बघायला सांग. असेल तर मर्यादा दरमहा उतरते : 15 लाखांची 10 वर्षांत, म्हणजे महिन्याला 12,500 ने कमी. पाचव्या वर्षाअखेरी काकूंसाठी पैसे लागले तर हातात साडेसात लाखच. न वापरलेल्या रकमेवर आकार आहे का आणि दरवर्षी नूतनीकरणाचे किती घेणार, हेही लेखी हवं. 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या वैयक्तिक मुदत कर्जाला ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, द्यावंच लागतं. त्यातला एपीआर, म्हणजे सगळे आकार धरून पडणारा वार्षिक दर, वाचायचा, कारण जाहिरातीतल्या दरात प्रोसेसिंग फी धरलेली नसते. कर्जासोबत एकरकमी विमा गळ्यात मारला असेल तर त्याचा हप्ता मुद्दलात मिळवलाय का, तेही पाहावं.

आणि खरी अडचण वेगळीच आहे, निमे. फ्लॅट अजून तिच्या वडिलांच्या, गेलेल्या अण्णांच्या नावावर आहे. नॉमिनी म्हणून आपलं नाव लागलंय, या भरवशावर ती निर्धास्त आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे गं! काकू आणि तिचा भाऊ सतीश दोघेही वारस. दोघांचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर नाव चढल्याशिवाय बँकेच्या वकिलाचा टायटल सर्च, म्हणजे मालकीची तपासणी, पुढे सरकायचा नाही. नाहीतर दोघांना सहकर्जदार म्हणून सह्या कराव्या लागतील. सतीश आणि ती सध्या बोलत नाहीत, ते तुला माहीतच आहे. मग मूळ करारनामा, आधीच्या करारांची साखळी, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), ओसी (भोगवटा प्रमाणपत्र), सोसायटीची एनओसी (ना-हरकत पत्र). यातला एक कागद कमी पडला की आठवडे जातात. म्हणून हॉस्पिटलच्या रात्रीसाठी घराचं तारण उपयोगाचं नाही. त्यासाठी चार महिन्यांचा घरखर्च मोडता येईल अशा एफडीत वेगळा हवा, कर्जाच्या आधी.

मूळ कागद देताना यादीवर बँकेचा शिक्का घ्यायला सांग. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत ते परत द्यायचे असतात, उशीर बँकेचा असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. आणि हप्ते 90 दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं, मग 60 दिवसांची नोटीस आणि त्यानंतर जप्ती. काकूंचं देवघर आहे त्या घरात, एवढं तिला तूच सांग.

पोराच्या बारावीचं काय झालं? पुढच्या शनिवारी तिची बँकेत भेट आहे. त्याआधी फोन कर, आणि माझं नाव घेऊ नकोस.

तुझी,
शमा