जुन्या रायफलीचा दस्ता घासू नका

महोदय,

जुन्या लष्करी रायफली चकचकीत करून दाखवण्याची हौस वाढते आहे, ते पाहून जीव तुटतो. आयुष्यभर फिटरचे काम केले, आता अशा रायफलींची डागडुजी करतो, म्हणून लिहितो आहे. अक्रोडाच्या दस्त्यावर कारखान्याचे आणि तपासनिसाचे शिक्के असतात; पॉलिश पेपरचे दोन हात फिरले की ते कायमचे गेले. लाकूड दबले असेल तर ओले फडके ठेवून त्यावर गरम इस्त्री टेकवा. वाफेने तंतू फुगतात, खळगा वर येतो. नंतर जवसाचे तेल, तेही थेंबाथेंबाने, तळहाताने मुरवायचे.

सुट्या भागांचे तर विचारूच नका. ली-एनफिल्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता भाग, त्या त्या रायफलीला बसवून त्यावर तिचाच क्रमांक घातला जाई. तिच्या नंबर ४ या प्रकाराला बोल्टची डोकी 0 ते 3 अशा चार मापांची असत, काडतुसामागची फट नेमकी राहावी म्हणून. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट आत छान सरकतो, पण गेज, म्हणजे ती फट तपासायचे माप, लावून पाहिल्याशिवाय गोळी झाडणे म्हणजे जिवाशी खेळ. ‘कुठल्याही रायफलीला बसतो’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. आणि काढलेला मूळ भाग, साधा स्क्रू का असेना, चिठ्ठी बांधून रायफलीसोबतच ठेवा.

– एक निवृत्त फिटर