रतनवाडीच्या मावशी आणि दादांना

मावशी, दादा, सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे रेंज नीट येत नाही, त्यामुळे फोनवर धड बोलणं झालंच नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. भंडारदऱ्याला मुक्कामी जाणाऱ्यांनी ते वाचावं असं मला वाटतं.

आईला घेऊन तुमच्याकडे मुक्कामाला येताना मला फार धाकधूक होती. दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली, वय झालेलं. बाकी सगळे रतनगडाला गेले की ही दिवसभर करणार काय? फोनवर मी नुसतं "आईला खाली बसता येत नाही" एवढंच म्हटलं होतं. आलो तर तंबूऐवजी पडवीत खाट टाकलेली, संडासात खुर्ची ठेवलेली आणि उंबऱ्यापाशी तिला धरायला बांबू रोवलेला. यातलं काहीच आम्ही मागितलं नव्हतं.

पोरं गडावरच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, जाऊन तिथून अलंग-मदन-कुलंग हे किल्ले आणि कळसूबाई बघून आली, खूश झाली. पण माझ्या मनात राहिलंय ते खाली अंगणात घडलेलं. भातकापणी उरकली होती, नागली, म्हणजे नाचणी, झोडून पडली होती. मावशी, तुम्ही आईच्या हातात सरळ सूप दिलंत. "आई, बसल्याबसल्या एवढी पाखडून द्या बरं." मी "अहो, नको" म्हणणार, तेवढ्यात तिचे हात चालायलाही लागले होते. फोल वाऱ्यावर उडायचं, तांबडे बारीक दाणे सुपाच्या मागच्या कडेला सरकायचे, आणि ती मधेच चिमूट उचलून खडा टिपायची. लहानपणी शेतावर वाढलेली बाई. हे काम तिच्या हातांना अजून येतं हे मला माहीतच नव्हतं. घरी आम्ही तिला कशालाच हात लावू देत नाही. काळजीपोटीच, पण देत नाही. तुम्ही तिला पाहुणी म्हणून कोपऱ्यात बसवलं नाहीत, यासाठी तुमचे आभार कसे मानू?

मग तुम्ही दोघी चुलीपाशी. भाकरीसाठी उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची, नाहीतर कडा चिरतात, हे तुम्ही तिला सांगत होतात आणि ती तुम्हाला तिच्या आईची पद्धत सांगत होती. त्या भाकरीबरोबर खुरासणीची (कारळ्याची) चटणी आणि नव्या तांदळाचा भात. आई पोटभर जेवली. दुपारी कुडाच्या भिंतीला टेकून निवांत झोपली. संध्याकाळी दादांचा हात धरून अमृतेश्वरापर्यंत चालत गेली. शिलाहारांच्या काळातल्या त्या देवळाच्या खांबांवरचं कोरीवकाम तिने हात फिरवून फिरवून पाहिलं. पुष्करणीच्या पायऱ्या मात्र उतरू नका म्हणून दादांनीच अडवलं, ते बरं केलं.

आणि रात्रीचं. पलीकडे उतरलेल्या मंडळींनी मोठा स्पीकर लावला होता. दादा, तुम्ही शांतपणे जाऊन सांगितलंत की हे अभयारण्य आहे, इथे म्हातारी माणसं आणि जनावरं झोपतात. गिऱ्हाईक तुटेल याची पर्वा केली नाहीत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मुक्काम म्हणजे रात्रभर धिंगाणा, असं समजून येणारे खूप आहेत. त्यांना नाही म्हणणारा यजमान मिळणं मोठी गोष्ट आहे. येणाऱ्यांनीही हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती.

मावशी, निघताना गाडीत ठेवलेल्या तांदळाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. आईला ते पटलेलं नाही. तिने तुमच्या धाकटीसाठी स्वेटर विणायला घेतलाय, माप अंदाजाने धरलंय, थोडा मोठाच होईल. शेंडी गावातल्या दुकानात ठेवायला सांगते, बाजाराला याल तेव्हा घ्या. आणि तो परत पाठवायचा नाही, असं तिने मुद्दाम लिहायला लावलंय.

तुमची,
डोंबिवलीची ताई